सॅक्रामेंटो किंग्जचा ड्राफ्ट: सोळा हंगाम वाया कसे गेले

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या २०१८च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, सॅक्रामेंटो किंग्जचा नंबर दुसरा होता आणि लुका डॉन्चिच अजून कुणी घेतला नव्हता. वय १९. नुकतीच रेआल माद्रिदकडून युरोलीग जिंकलेली, आणि त्या वर्षीचा स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडूही तोच. किंग्जनी ड्यूक विद्यापीठाचा मार्विन बॅगली घेतला. डॉन्चिच तिसऱ्या क्रमांकावर गेला, अदलाबदलीत डॅलसला पोचला आणि पहिल्याच हंगामात सरासरी २१.२ गुण करून सर्वोत्तम नवोदित ठरला. बॅगलीला किंग्जनी फेब्रुवारी २०२२मध्ये डेट्रॉइटला देऊन टाकलं.

किंग्जच्या कारभाराची चर्चा बहुतेक वेळा या एका रात्रीपासून सुरू होते आणि तिथेच संपते. पण २००६च्या उन्हाळ्यापासून २०२२पर्यंत हा संघ सलग १६ हंगाम प्लेऑफला पोचला नाही. एनबीएच्या इतिहासात एवढा लांब दुष्काळ दुसऱ्या कुठल्याच संघाच्या वाट्याला आलेला नाही. एका चुकीच्या नावाने सोळा वर्षं जात नाहीत, त्यासाठी घरच तसं चालवावं लागतं.

आपल्याकडे या संघाबद्दल जरा जास्त कुतूहल आहे ते मालकामुळे. विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे; अमेरिकेत सॉफ्टवेअरच्या धंद्यात नाव आणि पैसा कमावून त्यांनी २०१३मध्ये भागीदारांसह किंग्ज विकत घेतला. ऑक्टोबर २०१९मध्ये भारतातले पहिले एनबीए सामने वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाले, तेही किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यातच. पहिला सामना पेसर्सनी जादा वेळेत १३२–१३१ असा जिंकला. त्या पेसर्समध्ये डोमांटस सबोनिस नावाचा एक खेळाडू होता. त्याच्याकडे नंतर येऊ.

ड्राफ्ट म्हणजे लिलाव नव्हे

आयपीएल पाहणाऱ्याला ड्राफ्ट चटकन समजत नाही, कारण इथे बोली नसते. ३० संघ, दोन फेऱ्या, आणि ठरलेल्या क्रमाने एकेकाने एकेक नाव घ्यायचं. पहिल्या फेरीत प्रत्येक नावाला पाच मिनिटं. तुमच्याआधी कुणी घेतला की तो खेळाडू गेला. तिजोरीत कितीही पैसा असो, उपयोग नाही.

क्रम लागतो उलटा, म्हणजे हरणारा आधी. मात्र मुद्दाम हरण्याचा मोह होऊ नये म्हणून प्लेऑफला न पोचलेल्या १४ संघांची सोडत असते. यंत्रात १ ते १४ आकड्यांचे चेंडू टाकतात आणि चार काढतात. चार चेंडूंच्या १००१ जोड्या होऊ शकतात. त्यातली एक बाद करून उरलेल्या १००० संघांमध्ये वाटलेल्या असतात. २०१८पर्यंत सर्वात वाईट संघाकडे त्यातल्या २५० असत. २०१९पासून तळाच्या तिन्ही संघांना १४० प्रत्येकी. सोडतीने फक्त वरचे चार क्रमांक ठरतात (आधी तीन), बाकीचे कामगिरीच्या उलट्या क्रमाने.

आता यात पैसा कुठे आला? पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा पगार तक्त्याने ठरलेला असतो. करार चार वर्षांचा, पहिली दोन वर्षं पक्की, तिसरं आणि चौथं संघाच्या मर्जीवर. चार वर्षांनी दुसऱ्या संघाने मोठी ऑफर दिली, तरी मूळ संघ तेवढेच पैसे मोजून त्याला ठेवून घेऊ शकतो. म्हणजे चांगला पोरगा सापडला, तर चार वर्षं तो बाजारभावापेक्षा फारच स्वस्तात खेळतो आणि वाचलेली रक्कम दुसऱ्यांवर लावता येते. लॉस एंजलिस किंवा मायामीला मोठे खेळाडू आपल्या पायांनी चालत येतात. सॅक्रामेंटोला येत नाहीत. अशा गावच्या संघाला ड्राफ्ट हाच मुख्य दरवाजा.

चूक मोजायची कशी

पंधराव्या क्रमांकावर गेलेल्या यानिस अँटेटोकूम्पोला सातव्या क्रमांकावर का घेतलं नाही, असं दहा वर्षांनी विचारणं सोपं आहे. चौदा जागांवर त्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं; त्याचा दोष एकट्या किंग्जना देता येत नाही. म्हणून पडताळणी मर्यादेत करावी: तुम्ही घेतलेल्या नावानंतरची पाच नावं पाहायची. तेवढे खेळाडू साधारण त्याच तोलाचे मानले जात होते, असं धरायला हरकत नाही.

या फुटपट्टीने २००९ पाहू. किंग्जनी चौथ्या क्रमांकावर टायरिक एव्हान्स घेतला, सातव्यावर स्टेफ करी गेला. आज वाचून हसू येतं, पण एव्हान्सने पहिल्या हंगामात सरासरी २० गुण, ५ रिबाउंड (फसलेल्या फेकीचा चेंडू पकडणं) आणि ५ असिस्ट (गुण मिळवून देणारा पास) यांचा पल्ला गाठला होता आणि सर्वोत्तम नवोदितही तोच ठरला होता. करीला मिनेसोटाने तर लागोपाठ दोनदा सोडलं. ही माफ करण्याजोगी चूक. २०१५चा विली कॉली-स्टाइन (सहावा) याचंही तसंच: डेव्हिन बुकर तेराव्यावर गेला, म्हणजे पाचाच्या बाहेर, आणि मधल्या पाचांत लांब टिकलेला खरा एकच, माइल्स टर्नर. २०१३च्या बेन मॅकलमोरनंतर मात्र सी. जे. मॅककॉलम आणि स्टीव्हन ॲडम्स दोघेही पाचाच्या आत होते. २०१४च्या निक स्टाउस्कसनंतर बरोबर पाचवा झॅक लॅव्हीन.

२०११ला मात्र सूट देता येत नाही. किंग्जकडे सातवा क्रमांक होता. ड्राफ्टच्या दिवशी तीन संघांच्या सौद्यात ते सातवरून दहावर उतरले. संघ खाली उतरतो तेव्हा बदल्यात काहीतरी घेतो: जादा पिक, म्हणजे निवडीचा नंबर, किंवा निदान ओझं तरी कमी करतो. इथे किंग्जनी बेनो उद्रिह दिला आणि जॉन सॅमन्स घेतला, वयाने मोठा आणि करार आणखी लांब. म्हणजे जागा सोडली आणि वर बिलही आपणच भरलं. दहाव्यावर जिमर फ्रेडेट, तेव्हाचा कॉलेजातला सर्वात लाडका खेळाडू, ज्याच्या नावावर तिकिटं खपतील. अकरावा क्ले थॉम्पसन. पंधरावा क्वाय लेनर्ड. फ्रेडेटला तिसरा हंगाम संपायच्या आत मोकळं केलं.

जागा भरायची की माणूस घ्यायचा

२०१२ला किंग्ज पाचवे होते. डेमियन लिलार्ड उपलब्ध होता, पण तो गार्ड, म्हणजे बाहेरून चेंडू खेळवणारा, आणि संघात एव्हान्स, फ्रेडेट, आयझेया थॉमस असे गार्ड आधीच होते. उणीव फॉरवर्डची, म्हणजे पुढच्या फळीतल्या उंच खेळाडूची. म्हणून थॉमस रॉबिन्सन. सहावा लिलार्ड पोर्टलँडला गेला आणि सर्वोत्तम नवोदित झाला. रॉबिन्सन किंग्जकडून ५१ सामने खेळला आणि पहिला हंगाम चालू असतानाच ह्युस्टनला धाडला गेला.

यातली खोच अशी की ज्या तिघांमुळे लिलार्ड नको वाटला, त्यांपैकी एकही अडीच वर्षांनंतर संघात नव्हता. ड्राफ्टचा खेळाडू खऱ्या अर्थाने तयार व्हायला तीन-चार वर्षं लागतात. आजच्या संघातली रिकामी खुर्ची पाहून त्याला निवडलं, तर तो तयार होईपर्यंत खुर्च्यांची मांडणीच बदललेली असते. म्हणून वरच्या दहांत असताना गुणवत्ता पाहावी आणि जागेचा विचार विसाव्या नंबरानंतर करावा, हा या धंद्यातला जुना शहाणपणा. २०१८ला तीच चूक पुन्हा झाली. डिएरॉन फॉक्सच्या हातात चेंडू आहे, मग चेंडू हातात लागणारा डॉन्चिच कशाला, धावणारा उंच फॉरवर्ड हवा, असा तर्क. आणि दोन्ही वेळा ज्याला टाळलं तोच सर्वोत्तम नवोदित.

गंमत म्हणजे २०१६ला याच्या अगदी उलट. संघात कझिन्स, कॉली-स्टाइन आणि कूफॉस असे तीन सेंटर (रिंगजवळ खेळणारे सर्वात उंच खेळाडू) असताना तेराव्या क्रमांकावर चौथा सेंटर घेतला, ग्रीसचा योर्गोस पापायानिस. त्याला फेब्रुवारी २०१८मध्ये सोडून दिलं. म्हणजे जागा पाहून निवड करायची की गुण पाहून, यावर घरात एकमतच नव्हतं. त्या त्या वर्षी खोलीत ज्याचा आवाज मोठा, त्याचा नियम. त्या २०१६च्या ड्राफ्टमध्ये किंग्जकडे मुळात आठवा क्रमांक होता. तो फिनिक्सला देऊन त्यांनी तेरावा, अठ्ठाविसावा आणि बोग्दान बोग्दानोविचचे हक्क, म्हणजे त्याला एनबीएत खेळवण्याचा अधिकार, घेतले. बोग्दानोविच पुढे उपयोगी पडला, तेव्हा सौदा अगदीच फुकट नव्हता. पण आठ आणि तेराच्या मध्ये, अकराव्यावर गेलेलं नाव होतं डोमांटस सबोनिस.

बरोबर निवड करूनही हातचं घालवणं

ड्राफ्टमध्ये किंग्ज नेहमीच आंधळे नव्हते. २०१०ला तेहेतिसाव्या क्रमांकावर त्यांना हसन व्हाइटसाइड सापडला. दोन वर्षांनी सोडला. २०१६ला मायामीने त्याच्याशी चार वर्षांचा ९.८ कोटी डॉलरचा करार केला. २०११ला साठाव्या, म्हणजे अख्ख्या ड्राफ्टच्या शेवटच्या क्रमांकावर आयझेया थॉमस मिळाला. उंची पाच फूट नऊ इंच. २०१३-१४ला त्याची सरासरी २०.३ गुण आणि वर्षाचा पगार १० लाख डॉलरपेक्षा कमी.

दुसऱ्या फेरीतल्यांना पगाराचा तक्ता लागू नसतो, त्यांचे करार छोटे असतात, आणि म्हणून त्यांचा हिशेबही लवकर येतो. २०१४च्या जुलैत थॉमसला नवा करार द्यायची वेळ आली. किंग्जनी त्याला फिनिक्सला जाऊ दिलं, चार वर्षांचे सुमारे २.७ कोटी डॉलर, आणि त्याच्या जागी डॅरेन कॉलिसन आणला, तीन वर्षांचे सुमारे दीड कोटी. वर्षाकाठी फरक वीस लाख डॉलरपेक्षाही कमी. बदल्यात मिळाले ॲलेक्स ओरियाखीचे हक्क, जो एनबीएत कधी खेळलाच नाही. २०१६-१७ला बोस्टनमध्ये थॉमसची सरासरी २८.९ होती.

असं का होतं, हे पाहायला कोचांची यादी पुरते. सोळा हंगामांत तात्पुरते धरून अकरा: मसलमन, थीयस, नॅट, वेस्टफल, स्मार्ट, मलोन, कॉर्बिन, कार्ल, जोर्गर, वॉल्टन, जेन्ट्री. २०१०ला घेतलेला डिमार्कस कझिन्स, या काळातली किंग्जची सर्वात घसघशीत निवड, साडेसहा हंगामांत सहा कोचांच्या हाताखाली खेळला. मॅकलमोर चार हंगामांत चार. वीस वर्षांच्या मुलाला एक कोच सांगतो कोपऱ्यात उभा राहून थ्री (लांबून तीन गुणांची फेक) मार, दुसरा येतो तो म्हणतो पळ, तिसऱ्याला बचाव हवा असतो. शाळेत दर सहामाहीला मास्तर आणि अभ्यासक्रम दोन्ही बदलले, तर पोरगा ढ आहे की शाळा, हे ठरवायचं कसं?

नेमणुकांचा क्रम तर पाहण्यासारखा. साधारण रीत अशी की मालकाने जनरल मॅनेजर नेमायचा, त्याने कोच निवडायचा, आणि दोघांनी मिळून कसला संघ बांधायचा ते ठरवून ड्राफ्टला जायचं. जून २०१३ला नव्या मालकांनी आधी कोच माइक मलोन नेमला आणि मग जनरल मॅनेजर पीट डीअलेसांड्रो. लग्न आधी, पत्रिका नंतर. दीड वर्षात, डिसेंबर २०१४ला, संघ ११–१३ (११ विजय, १३ पराभव) असताना आणि कझिन्स मेनिंजायटिसमुळे बाहेर असताना मलोनला काढलं. त्याच हंगामात आधी कॉर्बिन आणि मग जॉर्ज कार्ल असे आणखी दोन कोच झाले. २०१५च्या उन्हाळ्यात मलोन डेन्व्हरला गेला आणि २०२३ला त्याच डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिलं. आधीच्या मालकांच्या काळात हाल वेगळे होते: संघ आधी ॲनाहाइमला, मग सिएटलला हलवायच्या खटपटी चालू होत्या, आणि २०१३ला एनबीएच्या मालकांनी २२–८ मतांनी स्थलांतर नाकारलं तेव्हा कुठे तो गावात राहिला. ज्या दुकानाचं शटर कायमचं पडायची बोलणी चालू आहेत, तिथे तीन वर्षांनंतरचा माल कोण मागवणार?

२०१५चा सौदा, सुटा करून

माझ्या मते डॉन्चिचपेक्षा मोठी चूक ही. डॉन्चिच हा अंदाज चुकला. इथे आकडे समोर असताना चूक केली.

मार्च २०१५ला किंग्जचे जुने लाडके सेंटर व्लादे दिवाच बास्केटबॉल विभागात आले. जूनमध्ये डीअलेसांड्रो गेले आणि सगळी सूत्रं दिवाच यांच्याकडे आली. एनबीएचा संघ चालवण्याचा अनुभव म्हणाल तर काही महिन्यांचा. जुलैत खेळाडूंचा बाजार उघडला. किंग्जना नामवंत खेळाडू घ्यायचे होते, पण सॅलरी कॅपखाली, म्हणजे पगाराच्या एकूण मर्यादेत, तेवढी जागा नव्हती. जागा करायची तर कुणाचे तरी करार दुसऱ्याच्या गळ्यात घालायला हवे. फिलाडेल्फियाचे जनरल मॅनेजर सॅम हिंकी अशा गिऱ्हाइकाची वाटच पाहत होते.

किंग्जनी काय दिलं? कार्ल लँड्री आणि जेसन थॉम्पसन, हे नको असलेले करार. निक स्टाउस्कस, जो वर्षापूर्वीच आठव्या क्रमांकावर घेतला होता. पहिल्या फेरीचा एक भावी पिक: २०१८ला पहिल्या दहांच्या बाहेर पडला तर तेव्हा, नाहीतर २०१९ला. आणि २०१६ व २०१७ या दोन्ही वर्षी पिक अदलून घेण्याचा हक्क. मिळाले दोन युरोपीय खेळाडूंचे हक्क, अर्तुरास गुदाइतिस आणि लुका मित्रोविच. दोघेही किंग्जसाठी एक मिनिटही खेळले नाहीत. आपल्याकडे शेतकरी अडचणीत आला की उभं पीक विकतो. इथे पेरणीही झाली नव्हती.

यातल्या दोन संज्ञा समजून घेण्यासारख्या आहेत. एनबीएत एक नियम आहे, क्लीव्हलँडचे जुने मालक टेड स्टेपियन यांच्या उधळेपणावरून त्याला स्टेपियन नियम म्हणतात: भावी काळात लागोपाठ दोन वर्षं पहिल्या फेरीचा पिक हातात नाही, अशी वेळ संघाने स्वतःवर आणायची नाही. अदलाबदलीचा हक्क, म्हणजे स्वॅप, या नियमाच्या कुंपणाबाहेर राहतो. कारण स्वॅप दिला तरी तुमच्याकडे पिक उरतोच, फक्त दोघांपैकी जो वाईट तो. म्हणून घायकुतीला आलेल्या संघाकडून हुशार माणूस आधी स्वॅप मागतो. देणाऱ्यालाही वाटतं, आपलं काही गेलं नाही. दुसरी संज्ञा प्रोटेक्शन. ‘पहिल्या दहांत आला तर माझा, नाहीतर तुझा’ अशी ही अट. अटीची मुदत संपली की पिक जातोच.

आता वेळ पाहा. २०१५-१६ची सॅलरी कॅप ७ कोटी डॉलर होती. एनबीएचा दूरचित्रवाणीशी झालेला २४०० कोटी डॉलरचा करार ऑक्टोबर २०१४लाच जाहीर झाला होता आणि पुढच्या उन्हाळ्यात कॅप एकदम उसळणार, हे प्रत्येक संघाला ठाऊक होतं. २०१६-१७ला ती ९.४१ कोटी झाली. एक वर्ष थांबलं असतं, तर जागा आपोआप मोकळी होणार होती आणि तेच जड करार हलके वाटणार होते. किंग्जनी जी वस्तू भविष्य गहाण ठेवून विकत घेतली, ती वर्षभरानंतर सगळ्यांनाच फुकट मिळाली. आणि त्या जागेत आले कोण? रॉन्डो, बेलिनेली, कूफॉस. रॉन्डोने लीगमध्ये सर्वाधिक असिस्ट दिले, संघ ३३–४९ राहिला, आणि वर्षाच्या करारानंतर तो शिकागोला निघून गेला.

बिल आलं २०१७ला. सोडतीत किंग्जचं नशीब फळफळलं, आठव्यावरून उडी मारून ते तिसरे आले. फिलाडेल्फिया पाचवी. फिलाडेल्फियाने स्वॅप वापरला: तिसरा तिकडे, पाचवा इकडे. मग त्यांनी तो तिसरा आणि जोडीला आणखी एक भावी पिक बोस्टनला देऊन पहिला क्रमांक घेतला आणि त्यावर मार्केल फुल्ट्झ निवडला. बोस्टनने तिसऱ्यावर जेसन टेटम घेतला. किंग्जना पाचव्यावर डिएरॉन फॉक्स मिळाला, पुढे तो संघाचा कणा झाला, म्हणून या स्वॅपची झळ तेवढी जाणवली नाही. ते नशीब. २०१९ला उरलेला हप्ता गेला: संघ ३९–४३ असा बरा खेळला, पिक चौदावा आला आणि थेट बोस्टनला, कारण फिलाडेल्फियाने तिकडे दिलेला तो भावी पिक हाच. नवख्या संघाच्या सुधारणेच्या वर्षात पहिल्या फेरीतून काहीच हाती आलं नाही.

त्याच कारभारातला फेब्रुवारी २०१७चा कझिन्सचा सौदा इथेच उरकतो. ऑल-स्टार सामन्याच्या रात्री त्याला न्यू ऑर्लिन्सला दिलं आणि बडी हील्ड, काही खेळाडू व पिक घेतले. नंतर दिवाच यांनी स्वतःच पत्रकारांना सांगितलं की दोन दिवसांपूर्वी याहून चांगला प्रस्ताव होता. बाजारात भाजी विकायला बसलेला माणूसही असं बोलत नाही. त्या सौद्यातून दहावा क्रमांक आला, तो किंग्जनी पोर्टलँडला देऊन पंधरावा आणि विसावा घेतला. तेरावा डोनोव्हन मिचेल गेला आणि चौदावा बॅम अडेबायो. पंधराव्यावर जस्टिन जॅक्सन. एकाऐवजी दोन पिक घेणं कागदावर शहाणपणाचं दिसतं, पण पाच जागांत काय काय निसटतं, ते इथे दिसतं.

सुधारलं, मग पुन्हा

ऑगस्ट २०२०ला दिवाच पायउतार झाले आणि सप्टेंबरात जनरल मॅनेजर म्हणून मॉन्टे मॅकनेअर आले. नोव्हेंबरच्या ड्राफ्टमध्ये बाराव्या क्रमांकावर टायरीस हॅलिबर्टन घसरत आला. फॉक्स असताना आणखी एक गार्ड? मॅकनेअर यांनी घेतला. या वेळी जागा न बघता माणूस घेतला. फेब्रुवारी २०२२ला त्याच हॅलिबर्टनला पेसर्सकडे देऊन सबोनिस आणला, म्हणजे २०१६ला ज्याच्यावरून हात मागे घेतला होता त्याची किंमत आता एका तयार गार्डात मोजली. जूनमध्ये चौथ्या क्रमांकावर कीगन मरे. त्याने पहिल्याच हंगामात २०६ थ्री मारले, नवोदितांमधला तेव्हाचा विक्रम. कोच माइक ब्राउन. २०२२-२३ला संघ ४८–३४, पश्चिमेत तिसरा, आणि दुष्काळ संपला. गोल्डन स्टेटविरुद्ध सात सामन्यांत हरले, पण प्रत्येक विजयानंतर स्टेडियमवरून आकाशात जांभळा झोत सोडायची पद्धत त्या वर्षी पडली.

याच चांगल्या काळात पिक देऊन केलेला एक सौदा होता, आणि तो वाईट नव्हता. २०२२ला अटलांटाकडून नेमबाज केव्हिन हर्टर घेतला, बदल्यात एक प्रोटेक्टेड पिक. २०२४ला अट पहिल्या चौदांची होती. किंग्जचा पिक तेरावा आला, घरात राहिला, डेव्हिन कार्टर मिळाला. २०२५ला अट घटून पहिल्या बारांची झाली. पिक पुन्हा तेरावाच आला, आणि गेला. नंबर तोच, वर्ष वेगळं.

तोवर घर पुन्हा विस्कटलं होतं. उन्हाळ्यात करार वाढवून दिलेल्या ब्राउनला डिसेंबर २०२४मध्ये १३–१८ असताना काढलं. फेब्रुवारीत फॉक्स सॅन अँटोनिओला गेला आणि लॅव्हीन आला, तोच, जो २०१४ला स्टाउस्कसनंतर पाच जागांनी गेला होता. एप्रिलमध्ये संघ डॅलसकडून हरून बाहेर पडला आणि त्याच रात्री मॅकनेअरही बाहेर. नवे जनरल मॅनेजर स्कॉट पेरी यांनी २०१७ला काही महिने इथे काम केलं होतं, फॉक्स निवडला तेव्हा ते त्या खोलीत होते. जूनमध्ये हॅलिबर्टनचे पेसर्स अंतिम फेरीत सात सामन्यांपर्यंत लढत होते. त्याच महिन्याच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत किंग्जकडे नंबर नव्हता; चोविसावा त्यांनी ओक्लाहोमा सिटीकडून घेतला, २०२७चा एक पिक देऊन.